आहारशास्त्र आणि वृत्तलेखन : क्रियापद, माप आणि जबाबदारी

५.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला :
• आहारशास्त्र आणि वृत्तविद्या या दोन विषयांच्या जोड-अभ्यासाचे स्वरूप सांगता येईल.
• संशोधनातील विधान बातमीत येताना भाषिकदृष्ट्या कसे बदलते, ते ओळखता येईल.
• शास्त्रीय परिमाणे वाचकाच्या स्वयंपाकघरातील मापांत मांडता येतील.
• बातमी, सल्ला आणि जाहिरात यांतील सीमारेषा स्पष्ट करता येईल.
• आहारविषयक छोटा वृत्तलेख मराठीत लिहिता येईल.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, विज्ञानविषयक वृत्तलेखनाच्या अनेक शाखा आहेत. दूरच्या ताऱ्याविषयीच्या बातमीत काही चूक राहिली, तर वाचकाचा समज चुकतो. पण त्याच्या दैनंदिन जीवनात त्याने फारसा फरक पडत नाही. आहाराविषयीच्या बातमीचे तसे नाही. सकाळी वाचलेली ओळ त्याच दिवशी रात्री ताटात उतरते. कोणी भात सोडतो, कोणी रोज रस पिऊ लागतो, तर कोणी वर्षानुवर्षे चालू असलेली गोळी बंद करतो. म्हणून आहारविषयक लेखनात भाषेची अचूकता हा केवळ शैलीचा प्रश्न उरत नाही. तो वाचकाच्या प्रकृतीचा प्रश्न होतो.

उपयोजित मराठीच्या अभ्यासक्रमात हा घटक समाविष्ट करण्यामागे हेच कारण आहे. आहारशास्त्रातील माहिती आज विपुल आहे. ती बहुतांशी इंग्रजीत निर्माण होते आणि मराठी वाचकापर्यंत पोहोचताना अनेक हातांतून जाते. या प्रवासात शब्द बहुधा बरोबर राहतात; बिघडतात ती क्रियापदे आणि मापे. या घटकाचा मुख्य विचार तोच आहे.

५.३ दोन विद्याशाखा, एक वाचक

आहारशास्त्र म्हणजे अन्नघटक, शरीराची गरज आणि रोगावस्था यांचा मेळ घालून व्यक्तीसाठी किंवा समूहासाठी आहार ठरवण्याचे शास्त्र. पोषणशास्त्र, जीवरसायनशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि अन्नविज्ञान हे त्याचे आधार होत. आपल्या देशात या विषयाचे अध्यापन मुख्यतः गृहविज्ञान महाविद्यालयांतून विकसित झाले. दिल्लीचे लेडी आयर्विन महाविद्यालय, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील गृहविज्ञान शाखा आणि मुंबईचे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ ही त्याची परिचित केंद्रे. संशोधनाच्या बाबतीत हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था महत्त्वाची आहे. भारतीय अन्नपदार्थांतील घटकांची कोष्टके आणि भारतीयांसाठीची आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे ही संस्था प्रसिद्ध करते. या तत्त्वांची सुधारित आवृत्ती २०२४ मध्ये निघाली.

वृत्तविद्या आणि जनसंज्ञापन या विषयात बातमीची निवड, पडताळणी, मांडणी, संपादन, माध्यमांचे कायदे आणि वाचकवर्गाचा अभ्यास येतो. वरवर पाहता या दोन विषयांचा परस्परांशी संबंध नाही. परंतु दोहोंपुढे एकच माणूस असतो. आहारतज्ज्ञ त्याला समोर बसवून, त्याचे वय, वजन, आजार, काम आणि मिळकत विचारून सल्ला देतो. पत्रकार त्याच माणसाशी बोलतो, पण त्याला न पाहता. आहारतज्ज्ञाचे वाक्य एकासाठी असते, पत्रकाराचे हजारोंसाठी. त्या हजारोंत गर्भवती स्त्री असते, मूत्रपिंडाचा रुग्ण असतो, शेतात राबणारा मजूर असतो आणि दिवसभर खुर्चीत बसणारा कारकूनही असतो. ही जाणीव हाच या जोड-अभ्यासाचा पाया आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने मुख्य विषयासोबत दुसऱ्या विद्याशाखेतील गौण विषय घेण्यास उत्तेजन दिले आहे. त्यामुळे अशा जोड्या आता पूर्वीइतक्या अपवादात्मक राहणार नाहीत. दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यालाही हा मार्ग खुला आहे. उदाहरणार्थ, इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात पोषण आणि आहारशास्त्राचेही अभ्यासक्रम आहेत आणि पत्रकारितेचेही. तुमच्यापैकी काही जण अंगणवाडीत, आरोग्य केंद्रात किंवा स्थानिक वृत्तपत्रात काम करीत असतील. त्यांच्या दृष्टीने हा घटक थेट उपयोगाचा आहे.

५.४ क्रियापदाचा अर्थ : विधान कसे बदलते?

मराठी व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ सांगितले आहेत : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. स्वार्थात केवळ घटना सांगितली जाते (‘साखर कमी होते’). आज्ञार्थात आज्ञा किंवा उपदेश असतो (‘साखर कमी कर’). विध्यर्थात कर्तव्य, योग्यता, शक्यता किंवा इच्छा व्यक्त होते (‘साखर कमी खावी’). संकेतार्थात एक गोष्ट दुसरीवर अवलंबून असते (‘साखर कमी खाल्ली असती, तर वजन वाढले नसते’). येथे संकेतार्थ ही संज्ञा आपण थोड्या व्यापक अर्थाने, म्हणजे अटीवर बांधलेले कोणतेही विधान, अशी वापरणार आहोत.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. एका रुग्णालयात मधुमेहाच्या मोजक्या रुग्णांना काही आठवडे मेथीचे दाणे देऊन पाहिले, असे समजा. या एकाच घटनेविषयीची चार वाक्ये पुढीलप्रमाणे असू शकतील.

(१) संशोधक : ‘रुग्णांची नेहमीची औषधे चालू ठेवून आठ आठवडे ठरावीक प्रमाणात मेथी दिली, तेव्हा उपाशीपोटीची रक्तशर्करा काहीशी कमी झाल्याचे आढळले. मोठ्या गटावर तपासणी झाली, तरच निश्चित निष्कर्ष काढता येईल.’
(२) आहारतज्ज्ञ : ‘मधुमेहींनी आहारात मेथीचा समावेश करावा, औषधांत मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदल करू नये.’
(३) बातमीचा मथळा : ‘मेथीमुळे साखर आटोक्यात येते.’
(४) भ्रमणध्वनीवर फिरणारा संदेश : ‘मेथी खा, मधुमेह पळवा!’

संशोधक संकेतार्थात बोलतो, आहारतज्ज्ञ विध्यर्थात, मथळा स्वार्थात आणि संदेश आज्ञार्थात. चारही वाक्यांत ‘मेथी’ हा शब्द आहे आणि एकाही वाक्यात मेथीविषयी उघड असत्य सांगण्याचा हेतू नाही. तरीही पहिल्या वाक्याचा अर्थ चौथ्यात उरलेला नाही. वाटेत कोणता शब्दसमूह गळाला, ते शोधा. ‘नेहमीची औषधे चालू ठेवून’ हे शब्द दुसऱ्या वाक्यात इशाऱ्याच्या रूपाने टिकले. तिसऱ्यात ते नाहीसे झाले. चौथे वाक्य वाचून एखाद्याने गोळ्या थांबवल्या, तर त्याची किंमत त्याला मोजावी लागेल. वाक्य लिहिणाऱ्याला नाही.

या संक्रमणात मराठीतील एक छोटे शब्दयोगी अव्यय विशेष काम करते. ते म्हणजे ‘मुळे’. ‘रात्री उशिरा जेवणाऱ्यांमध्ये स्थूलतेचे प्रमाण अधिक आढळले’ आणि ‘रात्री उशिरा जेवल्यामुळे स्थूलता येते’ ही वाक्ये समानार्थी नाहीत. पहिल्यात दोन गोष्टी एकत्र आढळल्याची नोंद आहे. दुसऱ्यात एकीला दुसरीचे कारण ठरवले आहे. उशिरा जेवणारे लोक कमी झोपत असतील, बाहेरचे अधिक खात असतील किंवा रात्रपाळी करीत असतील. कारण सिद्ध करण्यासाठी वेगळ्या प्रकारचे संशोधन लागते. म्हणून ‘मुळे’ लिहिण्यापूर्वी लेखकाने स्वतःला विचारावे : संशोधकाने कारण दाखवले आहे, की केवळ सहसंबंध?

५.५ धोका किती? एक प्रत्यक्ष उदाहरण

ऑक्टोबर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सॉसेज, बेकन यांसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाचे वर्गीकरण जाहीर केले. हे मांस मानवात कर्करोग निर्माण करते, असा पुरेसा पुरावा असल्याचे सांगून संस्थेने ते पहिल्या गटात टाकले. त्याच गटात तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉसही आहेत. रोज ५० ग्रॅम असे मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असेही संस्थेने नमूद केले. साहजिकच जगभर ‘सॉसेज सिगारेटइतकेच घातक’ अशा आशयाचे मथळे झळकले.

येथे दोन गोंधळ झाले. पहिला गोंधळ ‘गट’ या शब्दाचा. हे गट पुराव्याच्या बळकटीवरून ठरतात, धोक्याच्या आकारावरून नव्हे. एखादा पदार्थ कर्करोगास कारणीभूत होतो, याची खात्री किती, एवढेच गट सांगतो. तो किती जणांना होतो, हे सांगत नाही. एकाच गटात असल्याने दोन पदार्थ सारखेच घातक ठरत नाहीत, असा खुलासा जागतिक आरोग्य संघटनेनेही केला होता.

दुसरा गोंधळ टक्केवारीचा. १८ टक्क्यांची वाढ म्हणजे शंभरातील १८ जणांना रोग होणे नव्हे. समजा, एखाद्या समाजात १०० जणांपैकी ५ जणांना आयुष्यभरात हा रोग होतो. १८ टक्के वाढ ही त्या ५ मध्ये धरायची. म्हणजे ५ चे सुमारे ६ होतील. पहिल्या संख्येला सापेक्ष धोका म्हणतात आणि दुसऱ्या हिशेबाला निरपेक्ष धोका. दोन्ही खरे आहेत. पण केवळ पहिला सांगितला, तर वाचक घाबरतो आणि केवळ दुसरा सांगितला, तर रोज असे मांस खाणारा निष्काळजी राहू शकतो. जबाबदार लेखनात दोन्ही शेजारी शेजारी येतात.

५.६ मापाचा हिशेब : प्रयोगशाळेतून ताटात

आहारशास्त्राची कोष्टके बहुधा दर १०० ग्रॅम पदार्थामागे घटक सांगतात. वाचक मात्र ग्रॅममध्ये जेवत नाही. तो भाकरी, वाटी, पेला आणि चमचा यांत जेवतो. या दोन मापांमधील अंतर न ओलांडल्याने खरी आकडेवारीही दिशाभूल करते.

‘नाचणीत दुधाच्या तिप्पट कॅल्शियम’ हे वाक्य तुम्ही अनेकदा वाचले असेल. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम आणि १०० मिलिलिटर गायीच्या दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. म्हणजे आकडा चुकीचा नाही. पण ही तुलना कोरड्या पिठाची द्रव पदार्थाशी आहे. एका मध्यम भाकरीला सुमारे ४० ग्रॅम पीठ लागते, असे धरू. त्यातून सुमारे १४० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळेल. २०० मिलिलिटरच्या एका पेल्यातील दुधातून सुमारे २४० मिलिग्रॅम मिळते. ‘तिप्पट’ ठरलेली नाचणी एका भाकरीच्या हिशेबात एका पेल्याच्या मागे पडली. दोन भाकऱ्या झाल्या की ती पुढे जाते. शिवाय नाचणीतील फायटेटसारखे घटक कॅल्शियमच्या शोषणात काहीसा अडथळा आणतात आणि मोड आणल्याने त्यांचे प्रमाण घटते. म्हणजे नाचणीला मोड आणून सत्त्व करण्याच्या घरगुती रीतीला शास्त्राचा आधार आहे.

या हिशेबाने नाचणीचे महत्त्व कमी होत नाही. दूध न परवडणाऱ्या किंवा न पचणाऱ्या माणसासाठी ती कॅल्शियमचा उत्तम स्रोत आहे. मात्र ‘तिप्पट’ हा शब्द वाचून एखाद्या आईने मुलाचे दूध बंद करून त्याला अर्धी भाकरी दिली, तर तिची फसगत झालेली असते.

मिठाचे उदाहरण याच प्रकारचे आहे. प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. ‘५ ग्रॅम’ वाचून डोळ्यांपुढे काहीच येत नाही. ‘चहाचा जेमतेम एक सपाट चमचा, आणि त्यातच आमटी, भाजी, भाकरी, लोणचे, पापड व फरसाण’ असे लिहिले की वाचक मनाशी हिशेब मांडू लागतो. पाकिटावर मात्र मिठाऐवजी सोडियमचा आकडा असतो. सोडियमला अडीचने गुणले की मीठ मिळते. म्हणजे ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. एका वाक्यात येणारी ही रीत वाचकाला आयुष्यभर पुरते.

कमलाबाई ओगले यांचे १९७० मध्ये प्रसिद्ध झालेले ‘रुचिरा’ हे पाकशास्त्रावरील पुस्तक घरोघरी पोहोचले, त्यामागे वाटी-चमच्याच्या प्रमाणांचा मोठा वाटा आहे. पाककृतीच्या लेखनाने जे साधले, ते आहारविषयक वृत्तलेखनालाही साधले पाहिजे. एक सावधगिरी मात्र हवी. वाटी घरोघरी वेगळी असते. म्हणून लेखात एकदा तरी ‘येथे वाटी म्हणजे सुमारे १५० मिलिलिटर’ असे स्पष्ट करावे.

५.७ नावाचे मोल

आहारविषयक शब्दांना सामाजिक मूल्य चिकटलेले असते. ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, राळे यांना दीर्घकाळ ‘भरड धान्य’ म्हटले गेले. ‘भरड’ म्हणजे जाडेभरडे. हे वर्णन दाण्याचे असले, तरी त्यातून ते खाणाऱ्याविषयीचा हलका भावही सूचित होई. पाहुण्यांसाठी गहू-तांदूळ आणि रोजच्यासाठी ज्वारी-नाचणी, ही विभागणी अनेक घरांत होती. केंद्र शासनाने २०१८ मध्ये या धान्यांना पौष्टिक तृणधान्ये म्हणून मान्यता दिली. पुढे संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे त्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे केले आणि आपल्याकडे ‘श्रीअन्न’ हे नाव रूढ करण्याचा प्रयत्न झाला. धान्य तेच, पण ‘भरड’पासून ‘श्री’पर्यंत त्याची प्रतिष्ठा बदलली. पत्रकाराने प्रतिष्ठा देणारा शब्द जरूर वापरावा, पण तो शब्द पुरावा नाही, हेही ध्यानात ठेवावे.

‘डाएट’ या शब्दाचा प्रवास याच्या उलट आहे. आहारशास्त्रात आहार म्हणजे माणूस जे जे खातो ते सर्व. बोलीत मात्र ‘ती डाएटवर आहे’ म्हणजे ती कमी खाते किंवा उपाशी राहते. म्हणून ‘मधुमेहींसाठी डाएट’ हा मथळा वाचून वृद्ध वाचक जेवण कमी करण्याची शक्यता असते. त्यापेक्षा ‘पथ्य’ हा जुना शब्द अधिक नेमका आहे; त्यात काय खावे आणि काय टाळावे या दोन्ही बाजू सामावतात.

‘पचायला जड’, ‘उष्ण पडणे’, ‘बाधणे’, ‘अंगी लागणे’ हे लोकभाषेतील प्रयोग आधुनिक आहारशास्त्राच्या परिभाषेत जसेच्या तसे बसत नाहीत. तरी त्यांची टर उडवू नये. वाचक आपला अनुभव याच शब्दांत सांगतो. लेखकाने तेथून आरंभ करून प्रथिने, स्निग्ध पदार्थ, कर्बोदके, तंतुमय पदार्थ अशा संज्ञांपर्यंत त्याला न्यावे. संज्ञा प्रथम येताना तिच्याबरोबर ताटातील पदार्थ यावा : ‘प्रथिने, म्हणजे डाळी, कडधान्ये, दूध, अंडी, मासे यांतून मिळणारा घटक’.

५.८ बातमी, सल्ला आणि जाहिरात

बातमी काय घडले ते सांगते, सल्ला काय करावे ते सांगतो आणि जाहिरात काय विकत घ्यावे ते सांगते. आहाराच्या पानावर या तिघांची सरमिसळ लवकर होते. अमुक चूर्णाने मधुमेह बरा होतो, असा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने प्रतिबंध केला आहे. अन्नपदार्थांच्या दाव्यांवर अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ आणि त्याखालील नियम लागू होतात. तरीही उत्पादकाने पाठवलेले प्रसिद्धिपत्रक लेखाच्या रूपात छापले गेले की जाहिरात बातमीचे कपडे घालून येते.

असे पत्रक हाती आले तर पुढील प्रश्न विचारावेत : संशोधनाचा खर्च कोणी केला? ते माणसांवर झाले, की प्राण्यांवर वा काचनळीत? किती जणांवर आणि किती काळ? तुलना कशाशी केली? मत देणारा तज्ज्ञ त्या उत्पादनाशी संबंधित आहे का? ‘तज्ज्ञांच्या मते’ एवढेच लिहिणे पुरेसे नाही. कोण तज्ज्ञ, त्याचे शिक्षण कोणते आणि तो कोणत्या नात्याने बोलत आहे, हे वाचकाला समजले पाहिजे.

वरील तत्त्वे लक्षात घेऊन ५.४ मधील कल्पित घटनेची बातमी अशी लिहिता येईल :

‘मेथीच्या दाण्यांचा मधुमेहींना काही प्रमाणात उपयोग होऊ शकतो, असे एका छोट्या अभ्यासात आढळले आहे. सहभागी रुग्णांनी आपली औषधे चालू ठेवली होती. रुग्णांची संख्या कमी असल्याने अधिक अभ्यासाची गरज असल्याचे संशोधकांनी म्हटले आहे. मेथी सुरू केल्यास रक्तशर्करा तपासत राहावी आणि औषधाचे प्रमाण स्वतःहून बदलू नये.’

ही बातमी मथळ्याइतकी चटकदार नाही, पण ती समजण्यास सोपी आहे. तिच्यात संशोधकाची अट आणि आहारतज्ज्ञाचा इशारा, दोन्ही शाबूत आहेत. मथळा म्हणून ‘मधुमेहींना मेथीची साथ; औषधे मात्र चालूच ठेवा’ असे देता येईल. येथे आज्ञार्थ आहे, परंतु तो वाचकाचे रक्षण करणारा आहे.

५.९ सारांश

आहारशास्त्र व्यक्तीकडे पाहून बोलते, तर वृत्तलेखन समूहाशी बोलते. शास्त्रीय विधान समूहापर्यंत नेताना त्यातील अट, शक्यता आणि मर्यादा दाखवणारे शब्द टिकवणे ही लेखकाची पहिली जबाबदारी आहे. सहसंबंधाला कारण म्हणू नये, सापेक्ष धोक्यासोबत निरपेक्ष धोका द्यावा, १०० ग्रॅमचा आकडा भाकरी-वाटी-चमच्यात मांडावा आणि नावाच्या प्रतिष्ठेला पुरावा मानू नये. बातमी, सल्ला आणि जाहिरात यांच्या सीमा वाचकाला दिसतील अशा राखाव्यात. मराठी व्याकरणाचा शाळेत शिकलेला पाठ येथे थेट लोकांच्या आरोग्याच्या कामी येतो.

५.१० पारिभाषिक संज्ञा

सहसंबंध : दोन गोष्टी एकत्र आढळणे, त्यावरून एक दुसरीचे कारण ठरत नाही.
सापेक्ष धोका : मूळ धोक्याच्या तुलनेत झालेली वाढ किंवा घट.
निरपेक्ष धोका : ठरावीक लोकसंख्येत प्रत्यक्ष किती जणांना रोग होतो, ते प्रमाण.
पथ्य : प्रकृती वा रोग लक्षात घेऊन पाळावयाचा आहारनियम.

५.११ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

(अ) पुढील वाक्ये शास्त्रीयदृष्ट्या सुरक्षित होतील अशा रीतीने पुन्हा लिहा.
१. ‘हळदीच्या दुधामुळे सर्दी होत नाही.’
२. ‘या अभ्यासानुसार नाश्ता न करणारे लठ्ठ होतात.’
३. ‘या तेलाने हृदयविकाराचा धोका निम्मा होतो.’

(आ) एका पाकिटावर १०० ग्रॅम शेवेमागे ९०० मिलिग्रॅम सोडियम लिहिले आहे. एका व्यक्तीने ५० ग्रॅम शेव खाल्ली. तिच्या पोटात किती मीठ गेले? हे उत्तर सामान्य वाचकासाठी एका वाक्यात मांडा.

(इ) ‘भरड धान्य’, ‘पौष्टिक तृणधान्य’ आणि ‘श्रीअन्न’ या नावांतील सामाजिक अर्थच्छटा २०० शब्दांत स्पष्ट करा.

उत्तरांसाठी दिशा : (अ) पहिल्या वाक्यात ‘मुळे’ आणि निश्चित नकार, दुसऱ्यात सहसंबंध, तिसऱ्यात मूळ धोक्याचा अभाव तपासा. (आ) ५० ग्रॅममध्ये ४५० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे १ ग्रॅमहून थोडे अधिक मीठ. दिवसभराच्या मर्यादेचा जवळजवळ पाचवा भाग.

क्षेत्रीय कार्य : तुमच्या घरी येणाऱ्या वृत्तपत्रातील आहारविषयक मजकूर दोन आठवडे गोळा करा. प्रत्येक मथळ्यातील क्रियापदाचा अर्थ नोंदवा आणि खालील मजकुरात तो अर्थ टिकला आहे का, ते पाहा. त्यांपैकी एका लेखाचे पुनर्लेखन करा. ते घरातील वा शेजारच्या एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीला वाचून दाखवा आणि ‘यावरून तुम्ही उद्या काय कराल?’ असे विचारा. मिळालेले उत्तर हीच तुमच्या लेखनाची परीक्षा समजा.